गोकर्णीचे सोळा सोमवार

सुहासिनीबाई वायंगणकरांनी एका श्रावणात सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं, ते पुढे त्यांच्या अंगणातल्या गोकर्णीच्या वेलीने चालवलं.

धरलं होतं ते मंदारसाठी. मंदार हा त्यांचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर नोकरीला. जहाजाच्या मालकाचं आणि एका परक्या बंदराचं काहीतरी बिनसलं, मालक नाहीसा झाला आणि बंदराने जहाज अडवून ठेवलं. माणसं जहाजावरच. खाली उतरायची परवानगी नाही आणि जहाज हलवायची तर नाहीच नाही. मधूनमधून कुणाच्या तरी फोनवरून मंदारचा आवाज यायचा. "आई, मी बरा आहे," एवढं म्हणायचा आणि फोन तुटायचा. ते बरं असणं तो ज्या घाईने सांगायचा, त्या घाईचीच सुहासिनीबाईंना धास्ती वाटायची.

म्हणून त्यांनी सोमवार धरले. दिवसभर पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी अंघोळ, महादेवाची पूजा, हातात अक्षता धरून कहाणी, आणि मग तोंडात पाण्याचा पहिला घोट. थोडे सोमवार नीट झाले. मग एका सोमवारी दुपारी त्या ओट्यापाशीच घेरी येऊन पडल्या.

डॉक्टरांनी साखर तपासली आणि चष्मा काढला. "गोळ्या चालू असताना निर्जळी उपास करता? बाई, मुलगा परत येईल तेव्हा दार कोण उघडणार?"

पण घेतलेलं व्रत अर्ध्यात टाकता येत नाही, हे डॉक्टरांना कोण सांगणार? घरी आल्यावर सुहासिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आता तुम्हीच पुढे चालवा. घरातल्या कुणी पुरं केलं तरी चालतं."

दत्ताराम वायंगणकर एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलणं अजून चौकशीच्या खिडकीच्या आतून आल्यासारखं. "यात विशेष काही नाही," ते म्हणाले. "ड्रायव्हर आजारी पडला की बदली ड्रायव्हर जातो. गाडी सुटली पाहिजे, एवढंच."

संकल्प कसा सोडायचा ते बाईंनी पलंगावरूनच समजावलं. उजव्या हातात पळीभर पाणी घ्यायचं, काय हवं ते मनात म्हणायचं, आणि पाणी ताम्हनात सोडायचं. दत्तारामांनी जन्मात कधी पूजा केली नव्हती. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, ताम्हन काही सापडेना, म्हणून तसेच अंगणात गेले. रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी ते जिथे ओतत, तिथेच त्यांनी हे पाणीही सोडलं. म्हणजे गोकर्णीच्या मुळाशी. मग आत येऊन म्हणाले, "झालं." आणि पुढच्या सोमवारी सकाळी सवयीने दोन बटाटेवडे खाऊन आले.

सुहासिनीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण त्याच सोमवारी गोकर्णीला पाणी घालताना त्यांच्या लक्षात आलं, की पाणी मुरत नाही. तांबडी माती, घागर ओतली तरी गटकन पिणारी. आणि आज पाणी मुळाभोवती तसंच उभं राहिलं. दुपारी उभं होतं, तिन्हीसांजेला उभं होतं. देवापाशी दिवा लागला, आणि एका दमात सगळं आत गेलं.

दुसऱ्या दिवशी पाध्येगुरुजींना बोलावणं गेलं. गुरुजी गावातल्या महादेवाच्या देवळात पूजेला असत. त्यांनी वेलीला एक फेरी घातली, माती बोटाने चाचपली, आणि पडवीतल्या खुर्चीवर बसले.

"पाणी कुठे सोडलंत?"

"तिथे," दत्ताराम म्हणाले.

"मग व्रत तिचं. संकल्पाचं पाणी ज्याच्या मुळाशी, व्रत त्याचं. तुमचा त्यात संबंध नाही."

"म्हणजे मी वडे खाल्ले ते चाललं?"

"तुमचे वडे तुमच्यापाशी." गुरुजींनी पान लावायला घेतलं. "वेल घरातलीच आहे ना? तुमच्या अंगणात, तुमच्या पाण्यावर वाढलेली. मग घरातल्याच माणसाने पुढे चालवलं असं झालं. शास्त्राला हरकत दिसत नाही. फक्त एक सांगा. पाणी सोडताना मनात काय म्हणालात?"

दत्ताराम म्हणाले, "खरं सांगू? भूक लागली होती. तेच होतं मनात."

गुरुजींचा हात पानावर थांबला. "मग मागणं काही तिला सांगितलंच नाहीत."

"नाही."

"अहो, मग ती काय मागते आहे?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि विचारायची सोय नव्हती. व्रत करणाऱ्याला तू काय मागितलंस असं कुणी विचारू नये आणि त्याने सांगू नये, सांगितलं की व्रत वाया, हे सुहासिनीबाईंना आईच्या मांडीवर बसल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी वेलीकडे पाहिलं. निळी फुलं वाऱ्यावर हलत होती, जशी नेहमी हलतात. पण आता त्या हलण्यातही बाई काही खूण शोधायच्या. ही मंदारसाठी करते आहे, की स्वतःसाठी? वेलीला काय हवं असेल? उंच मांडव? कुंपणापलीकडचं ऊन?

"तसं काही नसतं," दत्ताराम म्हणाले. "बदली ड्रायव्हर स्वतःच्या घरी गाडी नेत नाही. ज्या मार्गाची पाटी लावलेली असते त्याच मार्गाने नेतो."

"पण पाटी लावलीत कुठे तुम्ही?"

यावर दत्ताराम उठून आत गेले.

एकदा व्रत वेलीकडे गेलं म्हटल्यावर मात्र सुहासिनीबाईंनी कशात कमी केलं नाही. श्रावण अजून सरला नव्हता. एका सोमवारी पाऊस कोसळला, आणि त्या छत्री घेऊन वेलीपाशी धावल्या. तिने पानं मिटून घेतली होती आणि पाणी देठांवरून खाली सांडून देत होती. गुरुजींनी निर्णय दिला, की वरून पडतं ते स्नान, प्याल्याशिवाय उपास मोडत नाही. देवळात दर सोमवारी व्रत करणाऱ्याच्या नावाने अभिषेक असतो. तिथल्या कारकुनाने नाव विचारलं, बाईंनी सांगितलं, त्याने लिहिलं.

"गोत्र?"

"वेलीचं गोत्र मला नाही हो ठाऊक."

"ठाऊक नसलं की काश्यप," कारकून म्हणाला. "पुढचे कोण?"

संध्याकाळी त्या वेलीपाशी पाट मांडून कहाणी वाचत. ऐकणाऱ्याने हातात अक्षता धरायच्या असतात. वेलीला हात नाहीत. पण कोवळा शेंडा जिथे वळसा घेतो, तिथे बाईंनी चार दाणे ठेवले, आणि कहाणी संपेपर्यंत शेंड्याने ते घट्ट धरून ठेवले. संपल्यावर सोडले. एकही दाणा आधी पडला नाही. बाईंना वाटलं, इतक्या मनापासून ऐकणारी काही वाईट मागणार नाही. आणि लगेच वाटलं, इतक्या मनापासून ऐकते म्हणजे तिला स्वतःला काहीतरी फार हवं असणार.

शेजारच्या भामाकाकी गवस कुंपणापाशी आल्या की हाच विषय. "काय गो सुहासिनी, तुझी वेल माझ्या कुंपणार चढान उपास करता. मगे त्याचा पुण्य अर्धा माझा की नाय?"

"मुळं माझ्या अंगणात आहेत, काकी."

"मुळा तुझी, पण टेको कोणाचो?" काकी हसल्या. मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आणि गो, तिणा भलताच कायतरी मागल्यान तर?"

ही भामाकाकींची जुनी रीत. जी गोष्ट तुम्ही मनात दाबून ठेवता ती त्या कुंपणावर वाळत घालतात.

भाद्रपद गेला. गणपतीत मंदारचा फोन आला नाही. नवरात्रात आला, पण नुसता वारा ऐकू आला, आणि वाऱ्यामागे लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज. सुहासिनीबाई "मंदार, मंदार" करत राहिल्या. वेलीनेही आपल्या परीने काहीतरी चालवलं होतं. तिने भामाकाकींचं कुंपण सोडलं, मांडव सोडला, आणि एक लांब शेंडा जमिनीवरून विहिरीकडे नेला. कठड्यावर चढली आणि आत उतरली. दत्ताराम बॅटरी घेऊन वाकले. शेंडा पाण्याच्या वीतभर वर थांबला होता. दिवस सोमवारचा होता.

"प्यायला नाही उतरलेली," दत्ताराम म्हणाले. "प्यायचं असतं तर आज थांबली नसती."

"मग कशाला उतरली?"

"कामाला असेल."

मंगळवारी पाहिलं तेव्हा शेंडा पाण्यात शिरला होता. बुधवारी बॅटरी मारूनही त्याचं टोक दिसेना.

तेव्हापासून वेल वर वाळायला लागली. ऑक्टोबरचं ऊन होतंच, पण नुसत्या उन्हाने पान असं कागदासारखं होत नाही. फुलं लहान आली, मग कमी आली. देवासाठी सोमवारी पाच फुलं तरी ती द्यायचीच, पण देताना दमलेली दिसायची. इतर दिवशी बाई तिला हंड्याने पाणी घालत, ताक घालत, सुकं शेण कुस्करून घालत. ती सगळं घ्यायची आणि ते कुठेतरी निघून जायचं. आता सुहासिनीबाईंना दोन चिंता. वेल मेली तर व्रत अर्धं राहणार, आणि अर्ध्या व्रताचा दोष मंदारला लागणार. आणि नुसती तेवढीच चिंता असती तरी बरं, पण त्यांना वेलीचीच चिंता वाटायला लागली होती. स्वतः घेरी येऊन पडल्या तो ओटा त्यांना आठवायचा. तिला कोण म्हणणार, की बाई, गोळ्या चालू आहेत, उपास करू नकोस?

एका मंगळवारी त्यांनी हातात पाणी घेतलं आणि तिच्या मुळाशी बसून म्हणाल्या, "दे बाई परत. माझं मी बघते." वेलीने ते पाणीही पिऊन टाकलं. मंगळवारी ती सगळंच पीत असे.

आणि मग तो सोमवार आला. शेवटच्या आधीचा. दुपारचं ऊन डोक्यावर, सुहासिनीबाई आत वाती वळत होत्या, आणि कुंपणापलीकडून पाण्याचा आवाज आला. धावत बाहेर आल्या तर भामाकाकी आपल्या नळाची रबरी नळी कुंपणातून आत घालून गोकर्णीच्या मुळाशी धरून उभ्या.

"काकी! सोमवार आहे!"

"म्हायत आसा," भामाकाकी म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते. "माका बघवणा नाय. जीव सुकलो हा तिचो. तुमचो देव काय रागावतलो? रागावलो तर माझ्यार रागावांदे."

सुहासिनीबाईंना रागही करता येईना. काकींनी केलं तेच त्यांना इतके दिवस करावंसं वाटत होतं.

गुरुजी आले. दत्तारामांनी खुर्च्या मांडल्या. मुळाभोवतीचं डबकं सगळ्यांनी पाहिलं.

"न विचारता कुणी तोंडाशी पाणी धरलं तर दोष धरणाऱ्याचा," गुरुजी म्हणाले. "प्यायली तर मात्र व्रत मोडलं. पहिल्यापासून सुरुवात."

"पहिल्यापासून?" सुहासिनीबाई म्हणाल्या. पहिल्यापासून म्हणजे वेल राहणार नाही. मंदार किती दिवस राहील?

"प्यायली की नाही ते दिवेलागणीला कळेल. तोवर पाणी जागेवर असलं म्हणजे झालं."

"पण ऊन आहे," दत्ताराम म्हणाले. "उन्हाने आटलं तर? ते तिच्या नावावर का टाकायचं?"

गुरुजींनी विचार केला. "रास्त आहे. ऊन बाजूला ठेवा."

म्हणून दत्तारामांनी डेपोतली जुनी काळी छत्री आणली आणि डबक्यावर धरली. भामाकाकींनी आपल्या कोंबड्या कोंडल्या, कारण कोंबडी पाणी प्यायली तर निकाल लागणं अवघड. मग चौघंही बसले. दत्तारामांचा हात अवघडला की भामाकाकी छत्री धरत, आणि त्यांचा अवघडला की सुहासिनीबाई. डबक्याच्या कडेला एक माशी आली, तिला गुरुजींनी उपरण्याने उडवलं. वेलीचं एक पान गळलं आणि पाण्यावर पडलं, आणि सुहासिनीबाईंनी ते काढायला हात पुढे केला.

"काढू नका," गुरुजी म्हणाले. "तिचं आहे."

पान तरंगत राहिलं. उन्हं माडांच्या मागे गेली. एकदा बाईंना वाटलं, कड आत सरकली. त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं. "सरकली का हो?"

"छत्रीची सावली सरकली."

दिवेलागण झाली. भामाकाकींनीच आत जाऊन देवापाशी दिवा लावला. आणि डबकं एका दमात आत गेलं, ते गळलेलं पान मातीवर सोडून. गुरुजी उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "मोडलं नाही." भामाकाकी पदर तोंडाला लावून रडत आपल्या अंगणात गेल्या.

त्या आठवड्यात मंदारचा फोन आला, आणि चांगला लांबला.

"आई, नांगराच्या साखळीवर वेल आलीय."

"कसली?"

"आपल्या दारातली. निळी फुलं. कुणी लावली नाही, खालून पाण्यातून आली. साखळी धरून वर आली, आता कठड्यावर पसरलीय. रोज हातभर वाढते."

सुहासिनीबाई खाली बसल्या. दत्तारामांनी फोन घेतला. "खाऱ्या पाण्यात राहते?"

"राहते, बाबा. फक्त सोमवारी भरती साखळीपर्यंत येते आणि थांबते. तिला शिवत नाही."

"बरोबर आहे," दत्ताराम म्हणाले. "पुढे?"

"बंदराचे साहेब येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं, जहाज आता रुजलंय. रुजलेल्या वस्तूला जहाज म्हणून अडवून ठेवता येत नाही, ती त्यांच्याकडे कुंपणात मोडते. आणि कुंपणावर खलाशी ठेवायची त्यांच्याकडे तरतूद नाही. आम्हाला घरी जा म्हणालेत."

"कायद्याला धरून आहे," दत्ताराम म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

मंदार आला तो शेवटच्या सोमवारी, भर दुपारी. वाळलेला, काळवंडलेला, खांद्याला एक पिशवी. बाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. प्रवासातून आलेल्याने पाय धुवून घरात यावं ही त्या घरची रीत. त्याने अंगणातली कळशी उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत नेहमीच्या जागी, गोकर्णीपाशी, पायांवर ओतली.

पाणी मुळाशी गेलं. सुहासिनीबाईंचा हात मुलाच्या दंडावर तसाच राहिला. त्यांच्या मनात आलं, पी बाई. आता पी. माझा आला. तुझं काम झालं, कुणी काही म्हणणार नाही.

वेल प्यायली नाही. दोन हिरवी पानं उरली होती तिला, आणि पाणी तिच्या मुळाभोवती मंदारच्या पावलांच्या आकारात उभं राहिलं. दुपारभर उभं राहिलं. मागितलेलं मिळालं म्हणून व्रत मध्येच सोडायचं नसतं, हे सुहासिनीबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्या क्षणी त्या विसरल्या होत्या. वेल विसरली नव्हती.

संध्याकाळी उद्यापन झालं. कणकेचा चुरमा केला, गूळ-तूप घालून, त्याचे तीन भाग केले. एक देवाचा, एक गुरुजींचा नि भामाकाकींचा नि आल्यागेल्याचा, एक व्रत करणारीचा. व्रत करणारीचा भाग मंदारने मुळाशी पुरला. कहाणी झाली, शेंड्याने अक्षता सोडल्या, देवापाशी दिवा लागला, आणि पाणी आत गेलं. बरोबर पावलंही गेली.

आठवड्याभरात वेलीला पालवी फुटली. बाईंनी मोकळ्या मनाने तिला पाणी घातलं. मग सोमवार आला. व्रत संपलं होतं. बाईंनी सकाळी कळशी ओतली, आणि पाणी तसंच उभं राहिलं.

दत्ताराम वडे घेऊन आले होते, ते पिशवी हातात धरून बघत राहिले. "आता कुणासाठी?"

"अहो, विचारू नका," सुहासिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी काश्यप गोत्राने अभिषेक सांगितला, संध्याकाळी पाट मांडला आणि कहाणी काढली. काळजी होतीच. पण ती एकटीची नव्हती, एवढा फरक पडला होता.

तर ऐकणाऱ्या बायांनो आणि बाप्यांनो, तुमच्याही दारी कुठली वेल असेल. सोमवारी पाणी घातलंत की लगेच पाठ फिरवू नका, घटकाभर थांबून बघा. मुरलं तर मुरलं. उभं राहिलं तर काय हवंय म्हणून विचारू नका. पाण्यावर छत्री धरा, संध्याकाळी दिवा लावा, शेंड्यात चार अक्षता ठेवा आणि तिला कहाणी वाचून दाखवा. कोण जाणे, तुमच्यासाठीच तिने सोमवार धरला असेल.